आशाताईंचं पोकलेन कशानं बांधायचं?

ट्रेलरच्या धंद्यात जाताना मशीन न्यायचं असतं आणि येताना बहुतेक रिकामंच यायचं असतं. त्या रिकाम्या ट्रेलरवर मी किस्से भरून आणतो. त्याला वजनकाटा लागत नाही, पावती लागत नाही. वारंगा फाट्यावर चहाच्या टपरीपुढं माझी गाडी दिसली की लोक विचारतात, "गजाननभाऊ, काय नवीन?" मी एक सांगायला घेतो, तोवर मागून दुसरा येऊन उभा राहतो. बायको म्हणते, "तुमी गाडी चालवता का नुसत्या गप्पा मारता?" मी म्हणलं, दोन्ही. दोन्ही एकाच डिझेलवर चालतं.

माझा ट्रेलर म्हणजे लोबेड, बसका आणि लांब. त्यावर पोकलेन, रोलर, हार्वेस्टर असं जड सामान चढवायचं, बांधायचं आणि पोचवायचं. चढवणं बघायला गाव गोळा होतं. पोचल्यावर नारळ फुटतो. मधलं बांधणं मात्र कोणी बघत नाही. आणि आमचे निम्मे किस्से त्या बांधण्याचेच आहेत, कारण आमच्या टोळीत आशाताई आहेत.

आशाताई म्हणजे पोकलेनच्या मालकीण. आधी त्यांची पिठाची गिरणी होती. गिरणी नीट चालली, तेव्हा त्यांनी पोकलेन घ्यायचं काढलं. त्यांचे मिस्टर शाळेत मास्तर, गरीब स्वभावाचा माणूस. ते म्हणाले, "आशा, आपल्याला मशीनमधलं काही कळत न्हाई."

ताई म्हणाल्या, "तुमाला न्हाई कळत. मी येवढी वर्सं काय पोळ्या लाटून राहिले व्हते का गिरणीत?"

पोकलेन आलं. शेततळी, विहिरी, नाले, सगळीकडं ताईंचं मशीन फिरायला लागलं.

मशीनवर ऑपरेटर पांडू. तिशीतला गडी, साखरा गावचा. हात इतका साफ की बकेटनं अंडं उचलील. पण त्याला एक खोड. मशीन ट्रेलरवर चढलं की हा खाली उतरायचाच नाही. केबिनमध्ये पाय पसरून बसायचा आणि तसाच गावोगाव जायचा. आमच्याकडं बरेच ऑपरेटर असंच करतात. पांडूला विचारलं तर म्हणायचा, "वर हवा लागती भाऊ. आन् सगळं शिवार दिसतं."

एकदा असंच शिवार बघत जाताना घात झाला. तेव्हा मी नव्हतो, दुसऱ्या कोणाचा ट्रेलर होता. त्यानं पोकलेन दोरखंडानं बांधलं होतं. वळणावर दोर तुटला, मशीन सरकलं आणि पांडूसकट शेतात आडवं झालं. नशीब बलवत्तर, खांद्याच्या हाडावर निभावलं. दवाखान्यात पांडूची आई आली. म्हातारी रडली नाही, बोलली नाही, नुसती लेकाच्या पायाशी बसून राहिली. ते ताईंना सहन झालं नाही. त्या म्हणाल्या, "मावशी, माझा शब्द हाय. हितून पुढं तुमचं लेकरू सकाळी जसं गेलं तसं संध्याकाळी घरी यील. पुन्हा असं झालं तर त्या दिवशी मी मशीन इकून टाकीन."

त्या दिवसापासून ताईंच्या जिवाला एकच घोर. पोकलेन पडलं तर उचलता येईल, पण पांडूच्या आईला काय तोंड दाखवायचं? आणि पांडूची खोड काही जाईना. हाड जुळलं आणि बहाद्दर पुन्हा केबिनमध्ये!

मग ताईंनी ठरवलं, हा ऐकत नाही तर निदान मशीन तरी असं बांधायचं की हालणार नाही. कशानं बांधायचं, यावरून पुढचं सगळं रामायण.

*

ताईंनी मला पहिल्यांदा बोलावलं तेव्हा मी ऐटीत गेलो. जवळा बाजारच्या आठवडी बाजारातून मी नवी कोरी साखळी घेतली होती. अशी चकचकीत की तोंड बघावं. ट्रेलरवर मी ती मुद्दाम वर दिसंल अशी ठेवली होती.

ताईंनी साखळी हातात घेतली. उलटी केली, सुलटी केली.

"भाऊ, कुठून आणली?"

"जवळा बाजारातून. एक नंबर माल हाय ताई."

"ही झोपाळ्याची हाय."

मला राग आला. मी म्हणलं, जाडी बघा, वजन बघा. ताईंनी वाद घातला नाही. त्यांनी पांडूला हाक मारली, साखळीचं एक टोक झाडाला आणि दुसरं बकेटच्या दाताला अडकवायला लावलं आणि म्हणाल्या, "हळूच वढ."

पांडूनं खरंच हळू ओढलं. कडी अशी उघडली, जशी बाईनं कानातली बाळी उघडावी.

ताई मला म्हणाल्या, "मशीन न्यायचं हाय का त्याला झोका द्यायचाय?"

साखळी मी घरी नेली. दोन कड्या काढल्या आणि ओसरीत झोपाळा टांगला. माझे वडील दुपारी त्याच्यावर बसून पेपर वाचतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात की आमच्या गजाननानं पोकलेनची साखळी आणली.

*

मग ताईंनी मला चाँदभाईकडं धाडलं. वारंगा फाट्यावर चाँदभाईचं दुकान आहे. साखळ्या, हूक, शॅकल, पट्टे, सगळं ओढायचं-बांधायचं सामान. माणूस सोन्यासारखा, पण त्याच्याकडून वस्तू विकत घेणं म्हणजे परीक्षेला बसणं. काय बांधायचं ते कळल्याशिवाय हा माणूस साखळीला हात लावू देत नाही.

"क्या बांधना है?"

"पोकलेन."

"कित्ते टन का?"

"असंल वीसेक टन."

"असंल नक्को. मशीन क्या असंल पे रुकती?"

मी ताईंना फोन लावून वजन विचारलं. मग रस्ता कुठला, चढ किती, ट्रेलरला कड्या कुठं कुठं आहेत, बकेट पुढं राहणार का मागं. अर्धा तास झाला. शेवटी त्यानं एक काळपट, रूप ना रंग अशी साखळी पुढं केली. तिच्या कड्यांवर ताकदीचा नंबर ठोकलेला. म्हणाला, "चमक नहीं देखने का मियाँ, नंबर देखने का. चारो कोने अलग, मशीन का लंबा हाथ, बूम, अलग. ब्रेक मारे तो माल आगे भागता, मोड पे बाजू में भागता. चारो तरफ से पकडो."

एवढ्यात एक शेतकरी आला. त्याला म्हशीसाठी साखळी पाहिजे होती. चाँदभाईनं त्याच गंभीर चेहऱ्यानं विचारलं, "भैंस कित्ते किलो की?"

तो बिचारा गोंधळला. "चाचा, मोजली न्हाई कदी."

"गुस्सेवाली है क्या?"

"जरा हाय."

"रात को खूँटा उखाडती?"

"उन्हाळ्यात उपटती."

चाँदभाई आत गेला आणि माझ्याच साखळीची धाकटी बहीण घेऊन आला. शेतकरी ती खांद्यावर टाकून वाकत वाकत गेला. त्या म्हशीला आता खुंटा उपटायचा असेल तर गोठा सोबत न्यावा लागेल.

*

साखळी नुसती अडकवून भागत नाही, ती ताणावी लागते. त्यासाठी बाइंडर म्हणून एक लोखंडी हत्यार असतं. त्याचा दांडा दाबला की साखळी टाइट बसते. पण दाबताना हात सटकला तर दांडा उलटा येतो आणि गाढवाच्या लाथेसारखा बसतो.

हे चाँदभाईनं मला दुकानापुढं उभं राहून समजावलं. "देखो, ऐसा खडा नहीं रहने का. मुँह सामने नहीं लाने का. हाथ ढीला नहीं छोडने का." आणि हे म्हणता म्हणता त्याचाच हात ढिला सुटला.

दांडा सणकन वर आला. चाँदभाईला लागला नाही, अल्लाची मेहेरबानी. पण डोक्यावरची टोपी उडाली ती थेट दुकानापुढच्या कडुलिंबाच्या शेंड्यावर जाऊन बसली.

चाँदभाईनं डोक्यावरून हात फिरवला, वर बघितलं आणि म्हणाला, "बराबर. ऐसाईच नहीं करने का."

टोपी काढायला बांबू आणले, ते पुरेनात. पांडूचं मशीन फाट्यावरच उभं होतं. त्यानं ते हळूहळू झाडाखाली आणलं, बूम वर नेला आणि बकेटच्या एका दातावर टोपी अलगद उचलून चाँदभाईपुढं आणून धरली. फाट्यावरच्या गाड्या थांबल्या. एका एसटीतले लोक खिडकीतून बघायला लागले. चाँदभाईनं टोपी घेतली, झटकली, घातली आणि पोकलेनला सलाम केला.

तो दांड्याचा बाइंडर त्यानं मला विकला नाही. कचकच करत थोडं थोडं ताणणारा रॅचेटचा दिला. त्याला वेळ लागतो, पण तो लाथ मारत नाही. दांड्याचा अजून दुकानात टांगलेला आहे. कोणी मागितला की चाँदभाई आधी लिंबाकडं बघतो.

*

मध्ये मला पट्ट्याचं याड लागलं. नांदेडला एका ट्रेलरवर बघितले, नारिंगी रंगाचे रुंद पट्टे. हलके, घडी करून ठेवता येतात, हाताला गंज लागत नाही. मी दोन घेऊन आलो. चाँदभाईला सांगितलंच नाही, नाहीतर पुन्हा परीक्षा.

पहिल्याच फेऱ्यात ताईंनी थांबवून बघितलं. पोकलेन ज्या लोखंडी पट्ट्यांवर चालतं, त्यांची धार माझा नारिंगी पट्टा घासून घासून कापत होती. अर्धा गेला होता.

"पट्टा वाईट न्हाई भाऊ," ताई म्हणाल्या. "पण हितं त्याला धार लागून राहिली. हार्वेस्टरला वापरा, रोलरला वापरा. माझ्या मशीनला साखळीच."

उरलेला चांगला पट्टा मी घरी ठेवला. दुसऱ्या दिवशी बघतो तर बायकोनं अंगणात कपडे वाळत घालायला बांधलेला. एक टोक खांबाला, दुसरं टोक फाटकाला. कपडे टाकल्यावर पट्टा जरा झोळला म्हणून तिनं पट्ट्यावरच्या रॅचेटचा दांडा हालवला. पुन्हा हालवला. तिला ते फार आवडलं. माझ्या बायकोला कुठलीही गोष्ट ढिली चालत नाही.

मी आलो तेव्हा साड्या अशा ताठ उभ्या होत्या की इस्त्रीची गरज नाही, आणि फाटक खांबाच्या दिशेनं नमस्कार घालत होतं.

मी म्हणलं, "अगं, हे रोलर बांधायचं हाय."

ती म्हणाली, "म्हणूनच म्हणलं, तुमच्या सामानात पहिल्यांदा काहीतरी कामाचं निघालं."

फाटक अजून तसंच आहे. पाहुणे आले की मान वाकडी करून आत येतात.

*

बांधणं तपासायची आशाताईंची स्वतःची एक रीत आहे. ती मी दुसऱ्या कोणाकडं बघितली नाही. मशीन बांधून झालं की ताई पिशवीतून निळीची बाटली काढतात, कपड्यांना घालतात ती नीळ. काडीला कापूस गुंडाळून पोकलेनच्या पट्ट्यावरून खाली ट्रेलरच्या लोखंडापर्यंत एक रेघ ओढतात. पोचल्यावर बघायचं. रेघ जुळली तर मशीन हाललं नाही. रेघ तुटली तर हाललं.

पहिल्या फेऱ्यात माझी रेघ बोटभर तुटली. त्या दिवशी ताईंनी सगळ्यांना चहा सांगितला आणि मला सांगितला नाही.

ते मला फार लागलं. शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं. मी मग लाकडाचे ठोकळे करून घेतले, पट्ट्याच्या पुढं-मागं ठोकायला लागलो. निघाल्यावर थोडं पुढं जाऊन थांबायचं, खाली उतरायचं, प्रत्येक साखळी हातानं हालवून बघायची आणि पुन्हा ताणायची. कारण चालल्यावर साखळी जरा बसते. हे सगळं एका कप चहासाठी.

तरी एकदा रस्ता इतका खराब लागला की रेघ जराशी सरकलीच. पांडूला माझी दया आली. ताई मागून यायच्या आत त्यानं ओल्या फडक्यानं जुनी रेघ पुसली आणि नवी ओढली. सरळ, सुबक, एकसारखी.

ताई आल्या. वाकून बघितलं. मग उभ्या राहून माझ्याकडं नाही, पांडूकडं बघितलं.

"काहून रे, माझा हात कदीपासून सुधारला?"

पांडूनं मान खाली घातली. त्याच्या बोटांना नीळ लागलेली होती. त्या दिवशी दोघांचाही चहा गेला.

*

ताई मागून यायच्या म्हणलं, ते सांगायचं राहिलंच. प्रत्येक फेऱ्याला ताई स्कूटीवर ट्रेलरच्या मागं येतात. डोक्याला रुमाल, डोळ्याला चष्मा, नजर साखळ्यांवर. एक लांब हॉर्न वाजवला की मी थांबायचं. सुरुवातीला मला कसंतरी व्हायचं, सासू मागं बसल्यासारखं. आता त्या मागं नसल्या तर मला गाडी चालवल्यासारखं वाटत नाही.

एकदा रस्त्यात पोलिसांनी हात केला. साहेब माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "मागची बाई कवापासून तुमच्या मागं लागली हाय. काही लफडं हाय का?"

मी म्हणलं, "साहेब, मालकीण हाय."

"तुमची?"

"मशीनची."

साहेब ताईंकडं गेले. "मॅडम, अशा हळू गाडी चालवून राहिल्या तुमी, मागं बघा किती रांग लागली. पुढं निघून जा ना."

ताई म्हणाल्या, "साहेब, वर केबिनमधी बघा."

साहेबांनी वर बघितलं. पांडू पाय पसरून बसला होता. त्यानं साहेबांना नमस्कार केला.

ताई म्हणाल्या, "याच्या मायला मी शब्द दिलाय. तुमी याला खाली उतरवा, मी आत्ता पुढं निघून जाते."

साहेबांनी पांडूला खाली उतरवला, चार शब्द सुनावले आणि माझ्या शेजारी बसवला. पुढच्या वळणावर चहाला थांबलो. चहा पिऊन निघालो. आरशात बघतो तर पांडू पुन्हा वर. आणि मागं ताईंचा लांब हॉर्न.

*

केबिनचा मामला एकदा माझ्याच हातून मिटता मिटता राहिला. त्या दिवशी मी चारही कोपरे बांधले, बूम बांधला. एक साखळी उरली होती. मनात आलं, मशीनचं वरचं धूड फिरू नये म्हणून ही वरून आडवी टाकू. टाकली, ताणली. ताईंनी नीळ ओढली आणि आम्ही निघालो. पांडू दिसला नाही. वाटलं, आज शहाणा झाला, एसटीनं पुढं गेला.

वाटेत एका हॉटेलापुढं थांबलो. ताईंनी स्कूटी लावली. आम्ही बाकड्यावर बसलो, तेवढ्यात पोकलेनचा हॉर्न वाजला. ट्रेलरवर उभ्या बंद मशीनचा हॉर्न! हॉटेलवाला कढई सोडून बाहेर आला.

मी वर चढून बघितलं. पांडू आधीच आत जाऊन झोपला होता आणि माझी आडवी साखळी बरोबर दाराच्या समोरून गेली होती. दार बोटभर उघडत होतं. त्या फटीतून पांडूचं नाक बाहेर.

"भाऊ, सोडा. लई जोराची लागली."

मी बाइंडरला हात घातला. खालून ताईंचा आवाज आला, "गजाननभाऊ, खाली या. च्या गार व्हतो."

"ताई, पांडू—"

"दिसला मला. आज पहिल्यांदा नीट बांधला तुमी त्याला."

ताईंनी चहा घेतला. बशीत ओतून, फुंकून फुंकून घेतला. मग भजे सांगितले. वरून हॉर्न वाजत होता, आधी लांब लांब, मग तुटक तुटक. हॉटेलवाला हात जोडून म्हणाला, "ताई, सोडा बिचाऱ्याला, गिऱ्हाईक उठून चाललं."

सोडल्यावर पांडू जो पळाला तो कापसाच्या पऱ्हाटीत दिसेनासा झाला. परत आला तेव्हा ताई एवढंच म्हणाल्या, "मशीन पडलं आसतं तर हे दार कसं उघडलं आसतं तू?" मी पुन्हा कधी दारासमोरून साखळी टाकली नाही.

*

आता शेवटचा. फाट्यावर सगळ्यात जास्त मागणी यालाच असते.

साखऱ्याला शेततळ्याचं काम निघालं. पांडूचंच गाव. सकाळी ताईंनी फर्मान काढलं, "आज हा केबिनमधी न्हाई. आज हा माझ्या मागं, स्कूटीवर. मावशी गावात वाट बघून राहिली, तिच्यापुढं मी याला गाडीवरून उतरवणार." पांडूनं तोंड वाकडं केलं, पण बसला. त्या दिवशी चाँदभाईपण आला होता माझ्या शेजारी. म्हणाला, "मेरी चेन काम पे कैसी दिखती, एक बार देखना है."

सेनगाव सोडलं. रस्ता मोकळा, दोन्ही बाजूला वाळलेल्या पऱ्हाट्या. मी आणि चाँदभाई बोलत चाललो होतो आणि एकाएकी डावीकडून रोही आलं. रोही म्हणजे नीलगाय, घोड्याएवढं जनावर, एका उडीत रस्त्याच्या मधोमध. मी ब्रेकवर उभाच राहिलो. गाडी थांबायला आली, पण ट्रेलरची मागची चाकं रस्ता सोडून खाली नालीत गेली आणि सगळं धूड एका अंगाला कललं. धूळ इतकी उठली की काही दिसेना. रोही निघून गेलं.

मी आणि चाँदभाईनं खाली उड्या टाकल्या. पोकलेन ट्रेलरबरोबर कललं होतं, पण ट्रेलर सोडून एक इंच सरकलं नव्हतं. साखळ्या तारेसारख्या ताणलेल्या. चाँदभाई म्हणाला, "या अल्ला, पकडी." त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

तेवढ्यात धुळीतून ताई पळत आल्या. त्यांनी साखळ्यांकडं बघितलंच नाही. वर बघितलं. हिसक्यानं केबिनचं दार उघडून लोंबकळत होतं आणि आत कोणी नव्हतं.

"पांडू!"

असा आवाज मी ताईंच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. इतके महिने आरशात बघावं तेव्हा पांडू त्या केबिनमध्येच दिसायचा. दार उघडं, सीट रिकामी, मग गडी गेला कुठं? फेकला गेला. दुसरं काही डोक्यात आलंच नाही. मी पऱ्हाटीत घुसलो. चाँदभाई पांढऱ्या कपड्यांसकट पोटावर झोपला आणि ट्रेलरखाली बघायला लागला. "पांडूमियाँ, आवाज दो." ताई नालीत उतरल्या होत्या आणि चाकापाशी पडलेली माती दोन्ही हातांनी उपसत होत्या. उपसता उपसता म्हणत होत्या, "मावशीला काय सांगू? मावशीला काय सांगू मी?"

मी पऱ्हाट्या मोडत पुढं चाललो होतो. कोणीतरी माझ्या मागून पळत आलं.

"भाऊ, कोण दबलं?"

मी मागं बघितलं नाही. "पांडू दबला! तू तिकडून बघ, त्या बांधाच्या अंगानं."

"बरं," म्हणून तो बांधाकडं पळाला.

आम्ही सगळं रान पालथं घातलं. मी परत आलो. ताई नालीत गुडघ्यावर बसल्या होत्या, हात कोपरापर्यंत मातीनं भरलेले. चाँदभाई त्यांच्याजवळ उभा, ओठ हालत होते, दुवा मागत असावा. तेवढ्यात बांधाकडून तो गडी आला. धापा टाकत, घामानं चिंब. स्कूटीची चावी त्याच्या मुठीत. ताई गाडी सोडून पळाल्या तेव्हा तो गाडीसकट खाली पडला होता. मग त्यानं गाडी उचलली, स्टँडवर लावली, चावी काढून घेतली आणि मग आला होता.

तो ताईंना म्हणाला, "ताई, तिकडं बी न्हाई."

ताईंनी वर बघितलं.

ताई नालीतून वर आल्या. त्याच्या समोर उभ्या राहिल्या. एक हात त्याच्या खांद्यावर ठेवला, मोडलेल्या हाडावर, आणि दाबून बघितलं. मग दुसऱ्या हातानं अशी एक ठेवून दिली की गालावर मातीची पाच बोटं उठली.

"सांगता येत न्हाई का रे, जिता हाव म्हणून?"

पांडू गाल धरून उभा. डोळ्यांतून घळाघळा पाणी. म्हणाला,

"तुमी सगळे येवढा जीव तोडून हुडकून राहिले ताई, मला वाटलं गेलोच मी."